केकी कधी तोडायची: वरूडच्या उन्हात ऑर्किडची पिल्लं कुंडीत लावल्याच्या नोंदी

४ मार्च

फॅलेनोप्सिस ह्या ऑर्किडची फुलं फेब्रुवारीतच गळली पण दांडी हिरवीगार होती म्हणून ठेवली होती, आणि आता खालून तिसऱ्या गाठीवरचा डोळा फुगून त्यातून दोन पानं बाहेर आलीत. नवी फूलदांडी असती तर टोक गोल राहिलं असतं, हे चपटं आहे आणि मधून उघडलंय, म्हणजे पिल्लूच, ज्याला केकी म्हणतात. मुळाचा अजून पत्ता नाही.

दुसरीकडे डेंड्रोबियम, हेही ऑर्किडच, नोबिल टाईपचं, संक्रांतीला ताईंनी (माझी नणंद, नागपूरला असतात) दिलेलं. त्याच्या जुन्या, बिनपानाच्या कांडीवर वरच्या डोळ्यांमधून तीन पिल्लं आलीत, दोघांना पांढरी मुळं फुटलीत, हिरव्या टोकाची, तिसरं अजून नुसतं पानांचं.

नोंदी ठेवायचं कारण सांगते. केकीबद्दल जिथं वाचावं तिथं एकच गोष्ट असते, दोन-तीन पानं आणि दोन-तीन इंच मुळं झाली की कापा आणि लावा. बरोबरच आहे ते. पण ते लिहिणाऱ्याच्या गावात एप्रिल-मे आपल्यासारखा नसतो ना. आपल्याकडे पिल्लाची मुळं तयार व्हायला आणि ऊन तापायला एकच मुहूर्त सापडतो, मग मूळ पाहायचं का कॅलेंडर पाहायचं हा प्रश्न आहे, आणि मला वाटते की कॅलेंडर. ते बरोबर निघते का ते लिहून ठेवून राहिली आहे.

१९ मार्च

मामाजी (माझे सासरे) सकाळी बगिच्यातून आले आणि सपरीत उभे राहून डेंड्रोबियमकडे पाहत होते. "याले फुल काहून नाई आलं वं सूनबाई?" म्हटलं फुलाच्या जागीच पिल्लं आली. ह्या जातीला हिवाळ्यात थंड रात्री पाहिजे, पाणी एकदम कमी पाहिजे आणि खत बंद पाहिजे, तेव्हा कांडीवरचे डोळे फुलाचे होतात. ताईंच्या बाल्कनीत दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज पाणी आणि आठवड्याला एकोणीस-एकोणीस (१९:१९:१९ खत) चालू होतं, झाड गुबगुबीत झालं पण डोळे पानाचे झाले.

मामाजींना पुढं काही सांगावंच लागलं नाही. "मंग ताणच नाई बसला त्याले," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

खरंच तेच आहे. संत्र्याला आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात, मृग बहारासाठी मे महिन्यात तोडतात, ताण नीट बसला नाही तर झाड नुसती नवती काढत बसते आणि बार फुटत नाही. डेंड्रोबियमची गोष्ट इतकी सोपी करून मला कुठंच वाचायला मिळाली नव्हती. एक मात्र लक्षात ठेवायचं की जास्त पाणी-नत्र हे एक कारण झालं, कुंडीतली मुळं सडली तरीसुद्धा डेंड्रोबियम वरून पिल्लं काढते, कारण खालून काम भागत नाही. म्हणून कांडी हलवून पाहिली, घट्ट आहे, एक बाजू उकरून पाहिली, मुळं पांढरी आणि कडक आहेत. म्हणजे इथं ताणाचंच कारण.

फॅलेनोप्सिसचं गणित वेगळं, त्याला पाण्याचा ताण चालतच नाही कारण साठवायला कांडीच नसते, जे काही आहे ते पानात आणि मुळात. त्याची दांडी निघायला रात्री थंड लागतात, आणि दांडी निघाल्यावर एकदम गरम झालं की गाठीवरचे डोळे कधी कधी फुलाऐवजी पानाकडे वळतात. आपल्याकडे फेब्रुवारी संपता संपता दुपारी ३५ च्या पुढं जाते, तेव्हा नवल काहीच नाही.

डोळ्यावर लावायची केकी पेस्ट मिळते ऑनलाइन, त्यात सायटोकायनिन असते, डोळा जागा करणारं संप्रेरक. मी लावली नाही. आईची, म्हणजे मूळ झाडाची, मुळं किती आहेत ते न बघता लोक प्रत्येक गाठीला पेस्ट फासतात आणि मग आई सुकते.

६ एप्रिल

फॅलेनोप्सिसच्या पिल्लाला दोन मुळं, एक इंचभर, दुसरं गव्हाच्या दाण्याएवढं. पानं तीन. डेंड्रोबियमच्या मोठ्या पिल्लाची मुळं दोन इंचावर गेलीत, म्हणजे पुस्तकी नियमाने ते आत्ताच तोडायला पाहिजे.

नाही तोडत. दुपारी सपरीत ४१, आणि आर्द्रतेचा काटा वीसच्या आसपास. ऑर्किडच्या मुळावर पांढरं स्पंजसारखं आवरण असते, व्हेलामेन म्हणतात, ते पाणी मिळालं की क्षणात पिऊन हिरवं दिसते आणि कोरडी हवा लागली की काही तासांत सुकून पांढरं पडते. फार वेळ पाणी टिकवून ठेवणं त्याला जमत नाही. पिल्लू आईला जोडलेलं असते तोवर मुळं सुकली तरी दांडीतून पाणी येत राहते. कापलं की तो नळ बंद, आणि दोन-तीन इंचाच्या दोन मुळांवर तीन पानांची तहान भागवायची, तेही अशा हवेत की जिथं धुतलेलं लुगडं तासाभरात वाळते. कुंडीत लावलेल्या मुळाला नव्या जागेत जम बसायलाही वेळ लागतो, कारण हवेत वाढलेलं मूळ ओल्या मालात (कुंडीत भरतो त्या मिश्रणात) गेलं की काही वेळा सडूनच जाते आणि खरं काम करते ते कुंडीत गेल्यावर निघालेलं नवीन टोक. नवीन टोक निघायला दमट हवा पाहिजे. एप्रिल-मे मध्ये ती कुठून आणायची.

तर ठरवलं ते असं. मूळ किती इंच हे पाहायचंच, पण त्यासोबत मुळाचं टोक हिरवं-चालू आहे का हे पाहायचं, कारण बंद पडलेल्या चार इंची मुळापेक्षा चालू दीड इंची मूळ कामाचं. आणि मृगाचा पाऊस नीट पडून हवा ओली झाल्याशिवाय ब्लेड हातात घ्यायचं नाही. अपवाद एकच, आईच मरायला लागली तर.

२२ एप्रिल

जागा बदलली. दुपारी सपरीत गरम वारा शिरतो, हिरवी नेट डबल केली तरी लू थांबत नाही. आता दोन्ही झाडं कूलरच्या खोलीत, खिडकीजवळ, पूर्वेचा उजेड येतो तिथं. कूलरच्या तोंडासमोर नाही हां, बाजूला. समोरच्या झोतात पानं उलट सुकतात, बाजूला हवा फिरते पण मार बसत नाही. काटा ५५-६० दाखवते. लाईट गेली की अर्ध्या तासात तो तीसवर येते, म्हणून खाली मोठ्या परातीत गिट्टी आणि पाणी, त्यावर कुंड्या, बुड पाण्याला न लागता. खिडकीला ओलं पोतं. सासूबाई म्हणतात माणसाले एवढी सोय नाई. खरं आहे.

आज फॅलेनोप्सिसच्या पिल्लाला जोडल्या-जोडल्याच ग्लास बांधला. ही युक्ती मला जास्त पटते, आणि शेंदूरजना घाटच्या बाजूला राहणाऱ्याला गुटी-डोळा (कलमं बांधणं) काही नवीन नाही, रोपवाटिकेतल्या बाया जंबेरीच्या रोपावर बोलता बोलता डोळे बांधतात. केलं असं: लग्नातला पारदर्शक प्लास्टिकचा छोटा ग्लास घेतला, सळई तापवून बुडाला आणि बाजूनं भोकं पाडली, एका बाजूनं वरून खालपर्यंत कापला म्हणजे उघडता येतो. त्यात स्फॅगनम मॉस (वाळवलेलं शेवाळ), भिजवून घट्ट पिळलेला, पिळल्यावर थेंब पडला नाही पाहिजे, आणि तो कोंबायचा नाही, सैल ठेवायचा. ग्लास पिल्लाच्या खाली तारेनं दांडीलाच टांगला, दोन्ही मुळं आत सोडली, चिरलेली बाजू चिकटपट्टीनं बंद. पिल्लाचं बूड मॉसच्या वर राहिलं पाहिजे, पानांच्या मधोमध ओल गेली की सडलंच. वजनानं दांडी वाकत होती म्हणून बांबूची काडी लावली.

आता पिल्लू पाणी आईचंही पिते आणि नवीन टोकं मॉसच्या ओलीत वाढतील, म्हणजे पावसाळ्यात कापताना मुळाला हवेतून मालात जायचा धक्का राहणार नाही.

डेंड्रोबियमच्या पिल्लांना असं बांधायला जागा नाही, तिघंही एकाजवळ एक आहेत. त्यांच्या मुळांवर सकाळ-संध्याकाळ फवारा, बस.

१५ मे

४५. मुळाची टोकं बोरच्या पाण्यानं करपली असती हे मार्चमध्येच लक्षात आलं होतं म्हणून फवाऱ्याला आरओचंच पाणी वापरते. आमच्या बोरचं पाणी जड, हंड्याला पांढरा थर बसतो, तसाच थर मॉसवर आणि मुळावर बसतो आणि लहान मुळाला मोठ्या मुळाइतकं ते सहन होत नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी तर चुकूनही द्यायचं नाही, ते उडून उडून क्षार आणखी घट्ट झालेले असतात.

ग्लासमध्ये तिसरं मूळ दिसते आहे. पारदर्शक ग्लासचा हाच फायदा, उकरून पाहावं लागत नाही.

२८ मे

नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापाचे नऊ दिवस) चालू. अपवाद म्हटला होता तो आला. डेंड्रोबियमच्या ज्या कांडीवर पिल्लं आहेत ती वरून सुरकुतून पिवळी पडत आहे, वरचा टोकाचा भाग मऊ लागला. त्या भागावर सगळ्यात वरचं पिल्लू होतं, मोठं, मुळं चांगली तीन इंच. कांडीचं सडणं खाली उतरायच्या आत वरचा तुकडा पिल्लासकट कापून काढला, मऊ भाग फेकला, पिल्लाला चिकटलेला कांडीचा चांगला दोन पेराचा तुकडा तसाच ठेवला कारण त्यात थोडं पाणी असते, तेवढंच काही दिवसांचं जेवण.

ह्या दिवसांत ते कुंडीत उघडं ठेवलं तर जगणार नाही, म्हणून मोठी पाच लिटरची पाण्याची बाटली अर्धी कापून, खाली गिट्टी आणि दोन बोटं पाणी, वर उपडी ठेवलेली वाटी, त्यावर मॉसच्या छोट्या कपात पिल्लू आणि वरून बाटलीचं झाकण नसलेलं तोंड. आत दमट राहते आणि वरून वाफ निघून जाते. उन्हात अजिबात ठेवायचं नाही, बंद बाटलीत पानं उकडतात. पूर्ण बंद केलं तर बुरशी. रोज सकाळी वरचा भाग उचलून थोडा वेळ हवा.

शेतातल्या जुन्या आंब्यावर जंगली व्हँडा आहे, रास्ना, ती मात्र ह्याच उन्हात उघड्या फांदीवर फुलून राहिली आहे. पाहून हसूच आलं. गावात तिला बांडगूळ समजून ओरबाडतात पण ती आंब्याचं काहीच खात नाही, नुसती धरून बसते. तिचं पाहून फॅलेनोप्सिसला झाडावर बांधायचा विचार कोणी करू नये, ती इथलीच आहे, जाड मुळाची, आणि मोठी झालेली आहे.

१२ जून

काल रात्री मृगाचा चांगला पाऊस झाला. पहिलं पाणी टिनावरची धूळ घेऊन येते म्हणून जाऊ दिलं, नंतरचं ड्रमात धरलं, जाळी बांधून, डास होतात.

लगेच कापायला बसली नाही. एक पाऊस पडला की ऊन आणखी चिकट तापते आणि पुन्हा आठ-दहा दिवस गायब होतो, हे सोयाबीन पेरणाऱ्याला विचारा. आर्द्रता सतत साठच्या वर आणि दुपारी ३५ च्या आत आली की मग.

तोपर्यंत माल तयार करायचा. पावसाळ्यात लावायचं म्हणून नुसता मॉस नको. उन्हाळ्यात जो मॉस जीव वाचवते तोच जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस वाळत नाही आणि बूड सडवते. कोळसा पाहिजे, बाभळीचा, इस्त्रीवाल्याकडून आणला, शेंगदाण्याएवढे तुकडे करून चाळून धूळ काढली आणि पाणी काळं यायचं थांबेपर्यंत धुतला. बार्बेक्यूचा दाबून बनवलेला कोळसा चालत नाही, त्यात चिकटवायला काय काय घातलेलं असते. नारळाची शेंडी-सालं मारुतीच्या देवळातून मिळाली, पोतंभर, तिथं कोणाला नकोच असतात. त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, पाण्यात भिजत, पाणी रोज बदलायचं, लाल पाणी निघते ते टॅनिन आणि सोबत मीठही, पाणी साफ यायला लागलं की झालं. भट्टीवरच्या विटेचे बारीक तुकडे बुडासाठी. माती कुठंच नाही. शेजारच्या काकूंनी शेणखत घालायला सांगितलं, प्रेमानंच, पण ऑर्किडच्या मुळाला हवा पाहिजे आणि शेणखत दाबून बसते.

ग्लास ह्यावेळी अडीच-तीन इंचाचेच. पिल्लाला मोठी कुंडी दिली की मधला माल ओलाच राहतो, मुळं तिथवर पोचत नाहीत आणि नुसती ओल सडते.

२४ जून

सलग झड. दुपारी ३१, काटा ८० च्या वर. आज फॅलेनोप्सिसचं पिल्लू कापलं.

चार पानं, चार मुळं, तीन ग्लासच्या आत आणि एक बाहेरून हवेत पळालेलं. तिन्हींची टोकं हिरवी. आधी सगळं पावसाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवलं, मुळं भिजली की लवचिक होतात, कोरडी असली तर काडीसारखी मोडतात. ब्लेड नवीन, तरी गॅसवर तापवून थंड करून घेतलं. एका झाडाला एक ब्लेड, हा नियम कडक पाळायचा, ऑर्किडचे व्हायरस रसातून एका झाडाचे दुसऱ्याला जातात आणि त्यावर औषध नाही. निम्म्या ब्लेडचा रुपया वाचवण्यात अर्थ नाही.

कापताना पिल्लाच्या बुडाला ब्लेड लावायचं नाही. दांडी पिल्लाच्या वर एक आणि खाली एक, साधारण अर्ध्या-पाऊण इंचावर कापायची, म्हणजे पिल्लू दांडीच्या छोट्या तुकड्यावर बसलेलं येते. तो तुकडा नंतर स्वतः वाळतो आणि कुंडीत धरायला खुंटीचं काम देते. कापलेल्या तोंडांना दालचिनीची पूड, आईच्या दांडीलाही. पूड फक्त जखमेला. मुळावर पडली तर मूळ कोरडं होते, कापसाच्या बोळ्यानं बुडाशी नीट झाकून मगच लावली.

पानांवर अर्धा दिवस पाणी पडू न देता सावलीत तसंच ठेवलं, जखम सुकायला. संध्याकाळी लावलं. बुडाला विटेचे तुकडे, मग कोळसा आणि नारळाचे तुकडे अर्धे-अर्धे. मुळांभोवती जो जुना मॉस चिकटलेला होता तो ओढून काढला नाही, त्यात मुळं धरून बसलीत. पिल्लू मधोमध, हातानं धरून चारी बाजूनं माल सोडायचा आणि ग्लास टेबलावर हलका आपटायचा, काडीनं ठोसायचा नाही. बूड मालाच्या बरोबर वर. चौथं, बाहेरचं मूळ आत कोंबलं नाही, राहू दे हवेत. पिल्लू हललं की नवीन मुळाचं टोक मालावर घासून मरते म्हणून दांडीच्या तुकड्यावरून तारेचा आकडा टाकून दाबलं.

पाणी आज नाही. उद्या सकाळी फक्त फवारा.

मामाजींनी पाहिलं, म्हणाले लहान लेकराले एवढ्यात येगळं काहाले बसवते. मग स्वतःच हात लावून हलते का ते पाहिलं. नाही हललं.

२ जुलै

डेंड्रोबियमची उरलेली दोन पिल्लं काढली. ही कापावी लागली नाहीत, कांडीच्या डोळ्यापासून हलकी पिळली की निघून आली, मुळं दाट असली की डेंड्रोबियममध्ये हे होते. दोन्ही एकाच ग्लासात, डेंड्रोबियमला गर्दी आवडते. फक्त कोळसा आणि वीट, वरून मॉसचे चार धागे. बाटलीतलं पिल्लू (नवतप्यातलं) जिवंत आहे, एक पान गळालं, कांडीचा तुकडा पार सुकडून गेला पण बुडातून नवीन फुटवा दिसते. बाटली आता दिवसा उघडी, आठवड्याभरात पूर्ण काढीन.

खत अजून कोणालाच नाही. नवीन टोक दिसल्याशिवाय खत म्हणजे जखमेवर मीठ.

११ जुलै

गोगलगायी. लहान, शिंपल्याच्या, रात्री ग्लासवर चढून मुळाची हिरवी टोकं खातात. सोयाबीनमध्येही झाल्यात. गोळ्या टाकत नाही, कोंबड्या फिरतात घरात. काकडीची चकती रात्री ठेवायची, सकाळी चकतीखालून वेचायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायच्या. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

२८ जुलै

डेंड्रोबियमच्या जोडीतल्या एका पिल्लाच्या बुडाशी काळा, पाणी धरलेला डाग, पान ओढलं तर अलगद निघालं. ब्लॅक रॉट. सगळे म्हणतात बाव्हिस्टीन मार. गावात कापसापासून कुंडीपर्यंत काहीही झालं की बाव्हिस्टीनच, पण हा रोग फायटोफ्थोराच्या खानदानातला आहे आणि बाव्हिस्टीनमधलं कार्बेन्डाझिम त्यावर चालतच नाही. संत्र्यात डिंक्या होतो तो ह्याच जातीचा, म्हणून मामाजींनी बोर्डोमलम (मोरचूद-चुन्याचा लेप) काढून आणला. त्यावर जरा वादच झाला. संत्र्याच्या खोडाला बोर्डो एकदम बरोबर, पण डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही, कोवळी पानं-मुळं जळतात. शेवटी घरात संत्र्यासाठी आणलेलं रिडोमिल होतं, मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब, लेबलवरच्या मात्रेच्या निम्मं करून फवारलं, हातमोजे घालून.

औषधापेक्षा आधी काम कापायचं. काळ्या भागाच्या पुढं चांगल्या हिरव्या भागापर्यंत कापलं. उरलं ते एक मूळ आणि दोन पानं. दोघांना वेगळे ग्लास दिले. वरचे मॉसचे धागे सगळे काढून टाकले आणि तिन्ही-चारी ग्लास पत्र्याच्या पागोळ्यापासून दूर, जिथं वारा लागते तिथं टांगले. पावसाळ्यात पिल्लू मरते ते पाण्यानं कमी आणि कोंडलेल्या हवेनं जास्त.

फॅलेनोप्सिसच्या पानांच्या मधे पाणी साचलं की टिश्यूची वात करून टिपून घेते. हे रोजचं.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरून राहिलेत आणि एकानं सपरीतला फॅलेनोप्सिसचा ग्लास बैलासाठी मागितला.

त्याच ग्लासात आज कोळशाच्या तुकड्याला चिकटून उतरलेलं नवीन मूळ दिसलं, टोक हिरवं. पाचवं पानही मधून निघत आहे. हीच खूण हवी होती. ओढून पाहायची गरज नाही, ग्लास हलवला तर पिल्लू ग्लाससोबत हलते, वेगळं डुलत नाही. तारेचा आकडा काढला.

खत सुरू. १९:१९:१९, एक लिटर पावसाच्या पाण्यात पाव ग्रॅम, दोन आठवड्यातून एकदा, मधे साध्या पाण्यानं धुणं. पाव ग्रॅम मोजता येत नाही म्हणून एक ग्रॅमचं चार लिटर करते आणि उरलेलं जास्वंदीला. संत्र्याच्या ड्रिपच्या हिशोबानं पाहिलं तर हे खत नाहीच, पण ह्या मुळांना एवढंच.

रोगातून उरलेलं डेंड्रोबियमचं पिल्लू तसंच आहे, मेलंही नाही आणि वाढलंही नाही. नवतप्यातलं, ज्याला सगळ्यात वाईट वेळी कापलं, ते सगळ्यात जोरात आहे, फुटवा दीड इंच. ह्यावरून मे मध्ये कापलं तरी चालते असं म्हणणार नाही, त्याला बाटली होती आणि कांडीचे दोन पेर होते, आणि रोज दोनदा मी त्याच्याकडे बघत होती. चार-पाच पिल्लं असती तर जमलं नसतं.

१० ऑक्टोबर

पाऊस गेला आणि ऑक्टोबर हीट आली, आर्द्रता एकदम पडली. ज्यांनी जुलैत लावलं त्यांची पिल्लं ह्या पंधरवड्यात सुकतात कारण पावसाळ्यातलीच पाणी द्यायची सवय चालू असते. कोळशाच्या मालाला आता रोज सकाळी पाणी. ग्लासच्या आत वाफेचे थेंब दिसले तर थांबायचं, मुळं चांदीसारखी पांढरी दिसली तर द्यायचं. फॅलेनोप्सिसच्या ग्लासात वरून मॉसचा पातळ थर परत घातला.

पिठ्या ढेकूण एका पानामागं, कपाशीवरून आला असणार. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला.

१६ नोव्हेंबर

रात्री १३. फॅलेनोप्सिस, आई आणि पिल्लू, दोन्ही आत घेतली. पंधराच्या खाली त्याला त्रास होतो आणि आपल्याकडे डिसेंबरात आठ-दहापर्यंत उतरते.

डेंड्रोबियमच्या आईला सपरीतच ठेवलं आणि ताण सुरू केला, म्हणजे खत पूर्ण बंद, पाणी कांडी सुरकुतायला लागली तरच, सकाळचं ऊन भरपूर. ह्यात मामाजी स्वतः लक्ष घालतात, मी पाण्याचा डबा उचलला की विचारतात कोणाले देऊन रायली. पिल्लांना मात्र ताण नाही, त्यांच्या कांड्या बारीक आहेत, साठवलेलं काही नाही, पाणी थोडं कमी पण चालू, एक-दोन वर्षं तरी फुलाची घाई नाही. फॅलेनोप्सिसच्या पिल्लाला फूल यायलाही दोन-तीन वर्षं धरून चालायचं. येईल ते अगदी आईसारखंच येईल, बियाचं रोप नाही ते.

ताईंना नवतप्यातलं पिल्लू पाहिजे, दिवाळीतच नेत होत्या. कोळशासकट, आहे त्याच ग्लासात देणार आहे, ह्या थंडीत ग्लास बदलायचा नाही आणि मुळं बाहेर आली तरी जूनपर्यंत हात लावायचा नाही असं बजावून सांगितलं. त्यांच्याकडे एकोणीस-एकोणीसचं अर्ध्याहून जास्त पाकीट शिल्लक आहे, ते मी मागून घेतलं.